पॉलिशला दिलेला आल्तार

अश्लेषाने दारातूनच आमंत्रण दिलं. "मांजरांचं घर झालं तयार, आंटी. आजींना पण घेऊन या हां, त्यांना मजा येईल."

हिल्डा नुकतीच शाळेतून आली होती. म्हणजे शिकायला नाही, शाळेच्या ऑफिसात ती क्लार्क. अश्लेषा ही तळमजल्यावर राहायला आलेली परळची मुलगी. काम घरूनच करायची, आणि उरलेला जीव उमेळ्यातल्या यच्चयावत लंगड्या, खरजुल्या मांजरांवर ओवाळून टाकायची. सोसायटी तिला नावं ठेवायची, पण हिल्डाला ती आवडे. म्हणून पर्स खांद्याला तशीच ठेवून ती खाली गेली. सासूबाई झोपल्या होत्या. नशीबच म्हणायचं.

खिडकीखाली एक जुनं कपाट उभं होतं. दारं काढलेली. वरच्या कप्प्यात स्वेटर उसवून केलेली गादी, मधल्यात उशी, खाली नखं घासायला सुंभ गुंडाळलेला खांब. कमानीला लोकरीचा गोंडा लोंबत होता आणि एक बोका त्याला मनापासून थपडा मारत होता. वर एक पांढरी मांजरी पिल्लांना पाजत पडली होती.

"गोखिवऱ्याच्या भंगारवाल्याकडे मिळालं," अश्लेषा म्हणाली. "सॉलिड सागवान आहे. असलं कोण टाकतं, आंटी? मी स्वतः घासून पॉलिश केलं. तो एक डाग तेवढा जाईना."

कमानीवरची द्राक्षांची वेल हिल्डाने पाहिली. मग गादीच्या कडेला, कोपऱ्यातला तो काळा डाग पाहिला.

तो डाग तिनेच पाडलेला होता.

लग्न होऊन ती उमेळ्याला आली तेव्हा हे कपाट म्हणजे घरातला आल्तार होता. देवाची जागा. सायंकाळी सगळं घर त्याच्यासमोर गुडघे टेकून रोझरी म्हणायचं. नव्या सुनेने मेणबत्ती लावायची म्हणून हिल्डाने लावली, आणि घाईघाईत पडद्याच्या अगदी जवळ ठेवली. पडदा पेटला, लाकूड जळलं. सासूबाईंनी, म्हणजे अँजेलाबाईंनी, तळहातानेच आग विझवली. पुरुष माणसं ओटीवरून आत येईपर्यंत जळक्या जागेवर त्यांनी स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल अंथरला होता. 'नव्या सुनेने देवाला आग लावली' ही बातमी गावभर व्हायला कितीसा वेळ लागणार होता? पण अँजेलाबाई बोलल्या नाहीत. गावात नाही, घरात नाही, पोटच्या फेबियनलासुद्धा नाही. रुमाल मळला की दुसरा विणायच्या, जुना धुऊन आपल्या ट्रंकेत ठेवायच्या.

आणि त्या बाईचा आल्तार हिल्डाने भंगारात घातला.

झालं असं, की वाडी बिल्डरला दिली, घर पडलं, त्याच जागेवर ही बिल्डिंग आली आणि वाट्याला फ्लॅट आला. हॉलच्या भिंतीवर एक तर टीव्ही युनिट बसणार होतं, नाही तर आल्तार. फेबियन म्हणाला, तू बघ काय ते. हिल्डाला शाळेतल्या बायकांना हॉल दाखवायचा होता, खोटं कशाला बोला. मूर्ती आणि तसबिरी तिने काढून घेतल्या, टीव्हीशेजारच्या काचेच्या फळीवर मांडल्या, आणि सासूबाईंच्या नकळत कपाट उचलून न्यायला भंगारवाल्याला सांगितलं. आशीर्वादित वस्तू अशी टाकायची नसते, जाळायची किंवा पुरायची, हे वसईतलं शेंबडं पोरही सांगेल. हिल्डाने मनाची समजूत घातली, देव काढले, आता नुसतं लाकूड राहिलं.

मग फादर घराला आशीर्वाद द्यायला आले. पवित्र पाणी शिंपडत हॉलमध्ये थांबले आणि सहज म्हणाले, तुमचा तो जुना आल्तार दिसत नाही? सगळ्यांनी हिल्डाकडे बघितलं. तिच्या तोंडून निघून गेलं, "पॉलिशला दिलाय फादर. कॉन्रॅडकडे."

कॉन्रॅड गावातला सुतार. त्याच्या बापानेच तो आल्तार घडवला होता. अँजेलाबाईंचा चेहरा असा उजळला की हिल्डाला तो बघवेना. त्या दिवसापासून रोज रोझरी संपली की त्या कॉन्रॅडसाठी एक जादा प्रार्थना म्हणू लागल्या. त्याचा खांदा दुखतो, बिचाऱ्याच्या हाताला बळ दे, काम लवकर होऊ दे. आणि रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून निघताना कॉन्रॅड समोर दिसला की हिल्डा आपली रस्ता बदलायची. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्यातली गत.

खालून वर आल्यावर तिने आणखी एक खोटं जोडलं. सासूबाईंना म्हणाली, "तुम्ही जाऊ नका हं आई तिकडे. फार वास येतो, तुमचा दमा उठेल." अँजेलाबाईंनी बरं म्हटलं. जुन्या घराच्या मागच्या दारी बोंबलांची डोकी घेऊन मांजरांना हाका मारणारी ती बाई. तिला दम्याचं भय घालताना हिल्डाला स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना ती अश्लेषाच्या दारापर्यंत गेलीही. पण मागायचं काय? 'असलं कोण टाकतं' याचं उत्तर आधी द्यावं लागलं असतं. आणि परत आणला तरी ठेवायचा कुठे? भिंतभर टीव्ही युनिट होतं. बेलवरचा हात तिने खाली घेतला.

पुढच्या दिवशी ती घरी आली तर दार नुसतं ओढलेलं आणि सासूबाई घरात नाहीत. काठी नाही, सपाता नाहीत. आतल्या खोलीत ट्रंक उघडी होती. हिल्डा जिन्यानेच धावली.

अश्लेषाचं दार सताड उघडं होतं. अँजेलाबाई आल्तारासमोर खुर्चीवर बसल्या होत्या, एक पिल्लू पदरात. अश्लेषा कौतुकाने सांगायला लागली, की तिने वर येऊन मोबाईलमध्ये फोटो दाखवला, आजी बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या थांब, आणि ट्रंकेतून काहीतरी घेऊन तिच्याबरोबर खाली आल्या. "बघा ना, किती गोड."

वरच्या कप्प्यात, गादीच्या कडेला, बरोबर त्या डागावर क्रोशाचा रुमाल अंथरला होता. पांढरी मांजरी त्याच्यावर हनुवटी टेकून झोपली होती.

"लाकूड गार असतं," अँजेलाबाई हिल्डाकडे न बघता म्हणाल्या. "बाळंतिनीला लागतं."

अश्लेषा हसली. हिल्डाला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. म्हातारी ओरडली असती, रडली असती, गावभर बोंबलली असती तर किती सोपं झालं असतं. अँजेलाबाईंनी पिल्लू आईजवळ ठेवलं, कमानीवरच्या वेलीवरून एकदा बोटं फिरवली आणि अश्लेषाला म्हणाल्या, पॉलिश चांगलं केलंस पोरी, हात बसलाय तुझा. मग सुनेचा आधार घेऊन उठल्या.

लिफ्टमध्ये हिल्डा म्हणाली, "आई, मी तुम्हाला..."

"बटन दाब," अँजेलाबाई म्हणाल्या. "मला उभं राहवत नाय."

सायंकाळी काचेच्या फळीसमोर रोझरी झाली. त्यांच्या घरची रीत अशी, की प्रार्थनेची पहिली अर्धी सासूबाईंनी म्हणायची आणि मागची अर्धी बाकीच्यांनी. फेबियन हातात माळ घेऊन पेंगायचा, त्यामुळे मागची अर्धी हिल्डाच्याच वाट्याला यायची. माळ संपली. हिल्डाला वाटलं, आता संपलं, आजपासून कॉन्रॅड सुटला. ती उठायला लागली.

"आनी आपल्या कॉन्रॅडसाठी," अँजेलाबाई रोजच्याच आवाजात म्हणाल्या, "त्याच्या हातात आपलं काम आहे," आणि डोळे मिटून त्यांनी 'आमच्या बापा' या प्रार्थनेची पहिली अर्धी म्हटली. फेबियनच्या कानावर रोज पडणारं आजही पडलं.

हिल्डाने मागची अर्धी सुरू केली. रोजची भाकर देवाकडे मागून झाली. पुढे अपराधांची क्षमा मागायची होती. तिथे तिचा आवाज अडला तो अडलाच.

खोलीत शांतता झाली तसा फेबियन जागा झाला. "काय झालं गं?"

उरलेले शब्द अँजेलाबाईंनी स्वतःच म्हणून टाकले, आमेनसकट. माळ गुंडाळून त्यांनी डबीत ठेवली.

"खोकला लागलाय तिला," त्या लेकाला म्हणाल्या. "जा, पानी आन."

फेबियनने पेला आणून दिला. हिल्डाला खोकला लागला नव्हता. मान खाली घालून ती सगळं पाणी प्यायली.