मागच्या ओळीतली पाहुणी

पुण्याहून उज्ज्वला आमच्या तांड्यावरची शाळा बघायला आली आणि माझ्या पोटात दुखायला लागलं, ते दुखतच राहिलं.

शाळेत मुलं खरोखर काय शिकतात, यावर तिला प्रबंध लिहायचा होता. खुर्ची दिली तर नको म्हणाली. तिसरीच्या मुलींत, मागच्या ओळीत मांडी घालून बसली. "बाई, मला विद्यार्थीच समजा." समजते की! ती मूळची पुसदकडच्या तांड्यातली, बंजाऱ्यांची गोरबोली तिच्या घरातली. मी रुबीना, घाटंजीच्या मेकॅनिकची पोर. 'आव' म्हणजे ये, 'बेस' म्हणजे बस, असं करत ही बोली शिकले, तेव्हा कुठे लेकरं माझ्याशी मोकळी झाली. आणि ही आली आयत्या बिळावर नागोबा होऊन! दुसऱ्याच दिवशी मुली तिची वेणी घालत होत्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्या वर्षीही कापसाला भाव नव्हता, मजूर लावणं परवडत नव्हतं. लेकरं सकाळी वेचणी करूनच शाळेत यायची, केसांत कापूस अडकलेला. दारात थांबवून मी तो काढायचे. रुपी तर आपणहून डोकं पुढे करायची. लेकरं माझी होती ती अशी.

उज्ज्वला आल्यापासून मी ठेवणीतली ओढणी काढली, रंगीत खडू आणले. पण मी शिकवायला लागले की ती खिडकीबाहेर बघायची. आणि मधल्या सुट्टीत चिंचेखाली मुलींचा शाळा-शाळा खेळ सुरू झाला की डोळे फाडून बसायची. माझी खरी शाळा सोडून!

शेवटी न राहवून मीही गेले. "एवढं काय पाहून राह्यल्या? मलेही पाहू द्या."

मानी 'रुबीना बाई' झाली होती. ओढणी थेट माझ्यासारखी खोचलेली. मागे एक मोठा दगड मांडला होता, ती उज्ज्वला मॅडम. दोन चपलांमध्ये शाळेचं दार. रुपी केसांत कापूस खोवून दारात आली, डोकं पुढे केलं. मानीनं तिला कोपरानं बाजूला सारलं आणि दगडाकडे बघत गोड आवाजात म्हणाली, "समजलं ना सर्वाईले?" रुपीनं दुसऱ्या बाजूनं पुन्हा डोकं पुढे केलं. मानी तिच्याकडे न बघताच म्हणाली, "बेस तिकडं."

"कायले खोटं करून राह्यली व मानी? मी असं कधी केलं?"

"रोजच तं करता, बाई."

उज्ज्वला खाली बघू लागली. मला तिचा आणखीच राग आला. तिला हे सगळं आधीच दिसलं होतं.

मी रुपीच्या केसांकडे हात नेला. ती मागे सरकली.

"हा खेळातला कापूस हाय, बाई. सकाळचा म्या माह्या हातानं काढला."