डाव्या पायाची अर्धवर्तुळं

डाव्या पायावर अर्धवर्तुळ घेताना मावशीचा तोल गेला आणि उजवा पाय बर्फाला टेकला. संपलं, असं तिला वाटलं. परीक्षेचा उरलेला भाग तिनं कसाबसा पुरा केला आणि कठड्याला धरून उभी राहिली.

बर्फाच्या रिंकवर स्केट भाड्यानं देण्याच्या खिडकीत तिची बावीस वर्षं गेली होती. साऱ्या पोराटोरांची मावशी झाली, पण स्वतः बर्फावर उतरली ती पन्नाशी उलटल्यावर. पहिल्याच पायरीच्या या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. तीन परीक्षक, त्यांतल्या दोघांनी पास म्हटलं तर पास. आज जमलं नाही तर हा नाद सोडायचा, असं तिनं घरी सांगूनच टाकलं होतं. त्यावर घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, ते तिला फार लागलं होतं.

परीक्षकांतल्या चष्मेवाल्या बाईंनी तिला दोन्ही वेळा नापास केलं होतं. मावशी वर्षभर त्यांच्या नावानं बोटं मोडत होती. त्यांच्या शेजारचे आजोबा मात्र येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडे बघून हसायचे. तिची सगळी भिस्त त्यांच्यावर होती. तिसरी परीक्षक तरुण होती, मान खाली घालून लिहीत बसलेली.

तिघांची बराच वेळ कुजबुज झाली. मग तरुण परीक्षकेनं डाव्या पायाची अर्धवर्तुळं पुन्हा करून दाखवायला सांगितलं. आधीच झालेली फजिती पुन्हा चारचौघांत कशाला, असा चेहरा करून मावशीनं तिला शिकवणाऱ्या सरांकडे पाहिलं.

"अहो, थोडक्यात हुकतंय तेव्हाच पुन्हा करायला लावतात," सर हळूच म्हणाले. "कुणीतरी तुमच्यासाठी अडून बसलंय. गुडघा वाकवा आणि जा."

ती गेली. शेवटचं अर्धवर्तुळ जरा वाकडं आलं, पण पाय टेकला नाही.

अर्ध्या तासानं कागद हातात आले. दोन पास, एक नापास. मावशी बाकावर बसून घळाघळा रडली. डोळे पुसून नीट पाहिलं तर नापासाखाली आजोबांची सही होती. चष्मेवाल्या बाईंच्या कागदावर एका रकान्यातला आकडा खोडून शेजारी त्याहून मोठा लिहिला होता. इतर दोन्ही कागदांवर कुठेच खाडाखोड नव्हती.

बाई दाराशी कोट चढवत होत्या. मावशीला वर्षभर मोडलेली बोटं आठवली आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाई, तुमचे फार उपकार झाले."

"उपकार कसले? दोनदा तुम्हाला नापास करून घरी गेले, दोन्ही वेळा घास उतरला नाही माझ्या घशाखाली. आज सुटले एकदाची." बाईंनी कोटाची बटणं लावली. "पुढच्या पायरीची परीक्षा कधी देताय?"

घरी काय सांगून आलोय, ते मावशीनं सांगितलं नाही.

"तुम्ही असाल त्या दिवशी," ती म्हणाली.