शहाण्णव कान आणि एक सवत

मी एक जुनी ऐकणारी केबल आहे. या गोदामाच्या मागच्या भिंतीशी, लोखंडी ढोलावर गुंडाळलेलं राखाडी, तेलकट वेटोळं दिसतंय ना, तीच मी. मघाशी तुमच्यापैकी कुणीतरी मला अजगर म्हणालं. म्हणू दे, त्याचं काही नाही. पण मित्रांनो, आत आल्या आल्या तुम्ही सगळे दाराशी ठेवलेल्या नव्या केबलभोवती, त्या पिवळीभोवती, गोळा झालात, तिच्यावरून हात फिरवलेत, आणि माझ्याकडे आलात ते अगदी निघता निघता. ते मला झोंबलं. माझा स्वभावच मेला जळका आहे. त्या स्वभावापायी एकदा मी किती वाईट गोष्ट मनात आणली होती, ते आज सांगूनच टाकते.

माझा जन्म एका कारखान्यातला. लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंना सात बायका बसायच्या आणि माझ्या नळीत बोटाच्या पेराएवढे कान एकेक करून ओवायच्या. असे शहाण्णव कान बसवले, मग आत तेल भरलं. शेवटी एकीनं प्रत्येक कानावर नखानं टिचकी मारली. दुसरी टोकाशी बसून ऐकत होती. प्रत्येक टिचकीला ती म्हणायची, "आहे." असं शहाण्णव वेळा. त्या दिवशी मी फुगले, ती पुढे पंधरा वर्षं फुगलेलीच राहिले.

माझं काम जहाजामागे समुद्रात तरंगायचं आणि तळाखाली काय दडलंय ते ऐकायचं. थंड समुद्रात काही ठिकाणी तळाखालची जमीन दगडासारखी गोठलेली असते. काही ठिकाणी वायुबर्फ असतो. म्हणजे दिसायला साधा बर्फ, पण त्याच्या आत वायू कोंडलेला, काडी लावली तर चक्क पेटणारा. आणि काही ठिकाणी त्यांच्याखाली नुसताच मोकळा वायू दबा धरून बसलेला असतो. जहाजावरून हवेचा एक बार उडवतात. त्याचा आवाज तळात शिरतो, वेगवेगळ्या थरांवर आपटून परत येतो, आणि मी तो झेलते. गोठलेल्या जमिनीतून आणि वायुबर्फातून आवाज धावत येतो. मोकळ्या वायूत मात्र तो चिखलात पाय रुतल्यासारखा रखडतो. धावला की रखडला, एवढं मी सांगायचं. त्यावरून माणसं नकाशे करायची आणि माझी वाहवा व्हायची.

मला सांभाळायची ती ताई. जहाजाच्या मागच्या भागाची ती मुकादम. तिच्यापेक्षा वयानं मोठी माणसंसुद्धा तिला ताईच म्हणायची. माझी नळी कुठे चिरली की ती मांडीवर घेऊन चिकटपट्टी लावायची. आणि दर सफरीआधी माझ्या अंगावर शिशाच्या पट्ट्या बांधायची. त्यात खरी मेख असते. पाणी खारट असलं की ते मला वर ढकलतं, म्हणून शिसं जास्त लागतं. पाणी कमी खारट असलं की शिसं कमी करायचं, नाहीतर मी बुडायची. ताईचा हात त्यात इतका बसला होता की ती म्हणायची, "माझ्या म्हातारीचं वजन मी डोळे झाकून बांधते."

मग आली पिवळी.

पिवळी ऐकत नाही. ती पाण्यात वीज सोडते आणि तळातून वीज कुठे सहज जाते, कुठे अडते ते मोजते. गोठलेल्या जमिनीतून वीज जाता जात नाही, त्यामुळे पिवळीच्या नकाशावर ती लालभडक उठते. माझे नकाशे राखाडी रेघांचे. लालभडक चित्रापुढे राखाडी रेघांना कोण विचारतो? तिला नवा ढोल मिळाला, वर ताडपत्रीचं छप्पर मिळालं. मला सरकवलं कोपऱ्यात, रंगाच्या डब्यांशेजारी. सवत घरात आली म्हणजे कसं वाटतं, ते मला तेव्हा कळलं. तिच्या टोकाला गंज चढला की मला बरं वाटायचं. एकदा ती जहाजाच्या पंख्यात अडकता अडकता वाचली, तेव्हा मी दिवसभर हळहळले, ती वाचली म्हणून.

त्या वर्षी जहाज एका मोठ्या नदीच्या मुखाबाहेरच्या थंड समुद्रात गेलं. तिथे तळाला भोक पाडून गोठलेल्या जमिनीत तापमापक पुरायचे होते. भोक पाडणारा होता ताईचाच धाकटा भाऊ. सगळे त्याला भोकपाड्या म्हणायचे, आणि तोही त्या नावाला ओ द्यायचा. जागा ठरवायच्या होत्या संशोधक बाईंनी. पिवळीनं एक जागा लालभडक दाखवली. बाई खूश झाल्या, पण त्या सावध बाई होत्या.

"ताई, वीज बर्फालाही अडते आणि वायूलाही अडते," त्या म्हणाल्या. "खाली नक्की काय आहे ते म्हातारीकडून ऐकून घेऊ. आणि हो, पाणी तपासलंत ना? इथे नदी जवळ आहे."

"तपासलंय की," ताई म्हणाली. तिनं तपासलं नव्हतं. शिसं मागच्या सफरीचंच होतं.

इतक्या दिवसांनी माझी आठवण झाली म्हणून मी हरखून गेले होते. आज सवतीचं पितळ उघडं पाडायचं, असं ठरवूनच मी पाण्यात उतरले. आणि काय सांगू, शेपटीकडून खाली जायला लागले! मी किती खोल आहे ते दाखवणाऱ्या दोन डब्यांपैकी मागची डबी कधीच बंद पडली होती, त्यामुळे वर कुणाला पत्ता नाही. माझे अर्धे कान तळाच्या गाळातून घासत चालले. मला ऐकू आली ती बहुतेक माझीच खरखर.

बाईंनी पडद्यावरचा गिचमिड गोंधळ पाहिला. "राहू दे," त्या सुस्कारा टाकून म्हणाल्या. "वय झालं तिचं. पिवळीवरच भिस्त ठेवू. उद्या सकाळी भोक."

भोकपाड्या हसला. "ताई, तुझी म्हातारी बहिरी झाली गं!"

मला गुंडाळताना ताईच्या हाताला माझ्या शेपटीचा गाळ लागला. तरंगणाऱ्या केबलला गाळ लागतच नाही. तिनं बादलीतलं समुद्राचं पाणी बोटानं जिभेला लावलं आणि तिचा चेहरा उतरला. पाणी अळणी होतं. तिनं इकडेतिकडे पाहिलं, फडक्यानं गाळ पुसला आणि निघून गेली.

आता ती वाईट गोष्ट सांगते. पुढचे काही कान बुडाले नव्हते. त्यांना दोन-चार आवाज नीट ऐकू आले होते, आणि ते रखडत आले होते. त्या लालभडक जागेखाली गोठलेल्या जमिनीचं पातळ झाकण होतं आणि झाकणाखाली वायू दाटून बसला होता. भोक पडलं असतं तर तो उसळून वर आला असता. पाणी फेसाळलं असतं, एका ठिणगीनं पेटलंही असतं. आणि मी मनात म्हणाले, पाडा भोक. उद्या कळेल कोण बहिरी आहे ते.

सकाळी भोकपाड्या माझ्या ढोलाला टेकून बुटाच्या नाड्या बांधायला लागला. मी त्याचं ऐकत होते. ऐकणं हा माझा धंदाच आहे, मला कान मिटता येत नाहीत. तो शीळ घालत होता आणि मध्येच थांबून नाक ओढत होता, सर्दी झाली होती. एवढंच. पण रात्रभर मी ज्याच्या वाईटावर टपले होते, ती पिवळी नव्हती, हा सर्दी झालेला माणूस होता. मला स्वतःची शिसारी आली. ओरडावंसं वाटलं. पण मित्रांनो, मला शहाण्णव कान आहेत, तोंड एकही नाही.

तोंड ताईला होतं. ती बाईंच्या खोलीकडे चालली होती, तीनदा मागे फिरली. पंधरा वर्षांचं नाव होतं तिचं. शेवटी भावानं शिरस्त्राण डोक्यावर चढवलेलं पाहिलं आणि ती तिथूनच ओरडली, "बाई, भोक थांबवा! मी पाणी तपासलं नव्हतं. खोटं बोलले मी. शिसं जास्त झालं, ती बुडाली. ती बहिरी नाही, मी आंधळी झाले होते."

बाई रागावल्या, चांगल्याच रागावल्या. पण आधी त्यांनी भोक थांबवलं. ताईनं शिशाच्या पट्ट्या एकेक करून सोडल्या. भोकपाड्या तिच्या शेजारी बसून सोडू लागला.

त्या दुपारी मी सरळ तरंगले आणि जे ऐकलं ते चोख सांगितलं. झाकण पातळ, खाली वायू. बाईंनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, झालं, पिवळी तोंडावर आपटली!

पण बाईंनी विचारलं, "हा वायू कुठवर पसरलाय?" आणि मला उत्तर देता येईना. वायूत आवाज विरून जातो, त्याच्या पलीकडचं मला काही ऐकू येत नाही. तेव्हा बाईंनी पुन्हा पिवळीचा नकाशा काढला. विजेची अडवणूक किती खोल जाते आणि कुठे संपते, ते त्या लाल रंगात स्वच्छ दिसत होतं. तिची लाल जागा आणि माझा धावता आवाज जिथे जुळले, तिथे निखळ गोठलेली जमीन होती. ती निघाली दोन किलोमीटर पलीकडे. एकटी मी ती शोधू शकले नसते. हे कबूल करताना आजही माझं तेल तापतं.

भोक तिथेच पाडलं. ताईला पुढच्या दोन सफरी जहाजावर घेतलं नाही, आणि तिनं तक्रार केली नाही. तिसऱ्या सफरीला ती परत आली, ती हातात पाण्याचा खारटपणा मोजायची नळी घेऊनच.

मित्रांनो, जुनी वस्तू चुकली की तिला लगेच म्हातारी म्हणून कोपऱ्यात टाकू नका. आधी तिला कसं सांभाळलं, कुठल्या पाण्यात सोडलं, ते बघा. आणि नव्या वस्तूचा राग करू नका, असंही सांगायला हवं, पण ते मला अजून नीट जमलेलं नाही.

भोक पाडून झालं त्या संध्याकाळी भोकपाड्या मागच्या भागात आला. त्यानं पिवळीच्या ढोलावर थाप मारली, "शाब्बास गं!" म्हणाला, आणि माझ्याकडे न बघताच जेवायला गेला. मी जळून खाक झाले. पण जिन्यावर त्याची पावलं वाजत होती, एकेक पायरी चढत होती, आणि शेवटची पायरी येईपर्यंत मी ती ऐकत राहिले.