पोलादाचा रक्तघाम

"मारा त्याला! भांडं खोटं बोलत नाही!"

गोदामात मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध पोलादबाबा, त्यांच्या हातात चकचकीत बंद भांडं आणि पुढ्यात गुडघ्यांवर बसवलेला क्रेनवाला. फोरमन क्रेनवरून पडून मेला होता. पोलिसांचा तपास संपेपर्यंत थांबायला कुणाला सवड नव्हती.

बाबांनी भांडं त्याच्या डोक्यावर धरून झाकणावर तळवा दाबला. "बोल, पोलादा, बोल! पापी समोर असेल तर रक्ताचा घाम गाळ!"

बुडाला सांधा नाही, चीर नाही, अशा पोलादातून लाल थेंब पाझरले आणि क्रेनवाल्याच्या डोक्यावर टपकले.

पहिली लाथ छातीत बसली. मग फिटरने पाना उचलला. उजव्या मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला, तरी हात थांबेनात.

गर्दी फोडत त्याची बहीण आली आणि भावावर आडवी पडली. पुढचा घाव तिच्या कपाळावर बसला.

"माझ्या डोक्यावर धरा ते भांडं," रक्त पुसत ती म्हणाली. "पण झाकण न दाबता!"

"परीक्षा घेतेस? भस्म होशील, बाई!"

"होईन. धरा तर खरं."

बाबा मागे सरकले. तेवढ्यात फोरमनच्या बायकोने भांडं त्यांच्या हातून हिसकावलं आणि झाकण न दाबता बहिणीच्या डोक्यावर धरलं. एकही थेंब पडला नाही.

बहिणीने दिवे घालवायला लावले, आतलं लाल पाणी ओतून टाकलं आणि भांड्यात मोबाईलचा टॉर्च मारला. अंधारात पोलादाच्या बुडावर शेकडो उजेडाचे ठिपके उमटले.

"मी लेझरवर काम करते. इंजिनात इंधन फवारणाऱ्या नोझलला आम्ही अशीच भोकं पाडतो, केसाहून बारीक. लेझरचा एकेक झटका इतका क्षणिक असतो की तेवढ्याच धातूची वाफ होते, आच शेजारी पसरतच नाही. म्हणून ना डाग, ना खरखर. एरवी पाणी त्या भोकांत अडून राहतं. झाकण दाबलं की आतली हवा ते बाहेर ढकलते. झाला चमत्कार!"

आता तोच पाना बाबांवर उगारला गेला. बाबा टेबलाखाली शिरले.

"खाली ठेव!" ती ओरडली. "याला पोलिसांत द्या. आणि आधी माझ्या भावाला दवाखान्यात न्या."

क्रेनवाल्याचा उजवा हात कोपरापासून कापावा लागला. फोरमनच्या सुरक्षापट्ट्याचा हुक झिजून तुटला होता, हे पुढे तपासात निघालं.

फिटर दवाखान्याच्या दारात रडत उभा होता. "मला काय ठाऊक, ताई?"

"ठाऊक नव्हतं, तर विचारायचं होतं," ती म्हणाली. "मारायचं नव्हतं."