ओवाळणीतलं तळं

कर्जतकडच्या आमच्या गावाला तळं होतं आणि तळ्याच्या कडेनं बारमाही दलदल. तिथं लव्हाळा माजायचा, बगळे उतरायचे आणि चांगुणाबाईची म्हैस शेवंता गळ्यापर्यंत बसून रवंथ करायची. नवरा गेल्यावर माहेरी आलेल्या चांगुणाबाईला गुंठाभर जमीन नव्हती. दलदलीतला हिरवा चारा होता म्हणून शेवंता होती, आणि शेवंता होती म्हणून चूल पेटायची.

तिचा धाकटा भाऊ गोरक्षनाथ सरपंच झाला आणि त्यानं जेसीबी घेतला. भाऊबीजेला ओवाळून घेताना म्हणाला, "आक्का, तळ्याचं सुशोभीकरन करतोय. पन तुझ्या दलदलीला हात लावनार न्हाई. हीच तुझी ओवाळनी समज."

ताटात नुसता शब्द पडला. चांगुणाबाईनं तो साडीपेक्षा जास्त जपला.

उन्हाळ्यात जेसीबी आला आणि पहिला दात दलदलीतच घातला.

"डास लई हुतेत गं तिथं," गोरक्षनाथ म्हणाला.

गाळ संपला तरी जेसीबी थांबेना, कारण खालचा मुरूम रस्त्याच्या कामाला जात होता. तळ इतका मन लावून खरवडला की तळं गळकं झालं. पावसाचं पाणी आलं, चार दिवस राहिलं आणि जमिनीत कुठं गेलं ते कुणाला कळलं नाही. विहिरी आटल्या, गावाला टँकर सुरू झाला, बगळे निघून गेले. त्यांच्या जागी सिमेंटचे दोन बसवले. चालायला ट्रॅक झाला. हंसाच्या आकाराची, पायानं चालवायची होडीसुद्धा आली.

विकतचा चारा परवडेना. चांगुणाबाईनं शेवंताला बाजार दाखवायचं ठरवलं. नेमकं त्याच दिवशी तळ्याचं उद्घाटन होतं.

"टेम्पो माझाच ने," गोरक्षनाथ म्हणाला. "भनीकडनं भाडं घ्यायचो न्हाई मी."

होडी तरंगायला तर हवी. म्हणून एका खड्ड्यात शेततळ्याचा प्लास्टिक कागद अंथरून गावाच्या प्यायच्या पाण्याचे टँकर त्यात रिकामे केले होते. हंसात गोरक्षनाथ आणि पाहुणे साहेब बसले. फोटोवाला म्हणाला, "जरा हसा." तेवढ्यात टेम्पोकडं निघालेल्या शेवंताला पाण्याचा वास लागला.

दावं हातातून निसटलं. ट्रॅक ओलांडून, एक सिमेंटचा बगळा आडवा करून शेवंता सरळ पाण्यात शिरली आणि हंसाला खेटून बसली. खुरांखाली कागद टरटरा फाटला.

"आक्का, म्हैस काढ ती."

"मीच सांगितलंय तिला," चांगुणाबाई काठावरून म्हणाली. "आपल्या जागंला कुनी हात लावनार न्हाई म्हनून. मुकं जनावर, खरं धरून बसलंय."

बघता बघता पाणी गेलं. हंस कलंडला, साहेब गोरक्षनाथाच्या मांडीवर आले. बसण्यासारखं काही उरलं नाही तशी शेवंता आपणहून उठली, साहेबांच्या पांढऱ्या कपड्यांवर शेपूट झाडलं आणि टेम्पोत जाऊन उभी राहिली.

चिखल तुडवत गोरक्षनाथ मागं आला. "जाऊ दे, आक्का. भाऊबीज आलीच हाय. औंदा काय आनू तुला?"

चांगुणाबाईनं टेम्पोचं फाळकं लावलं. शेवंताचा चिखल हाताला लागला होता, तो तिनं पुसला नाही.

"ये की," ती म्हणाली. "काय आनू नगंस. अन् बोलू तर काईच नगंस."