कपाटामागचा हिरवा चौकोन

मी एक जुना नकाशा आहे आणि मी भयंकर चिडलोय. मित्रांनो, ऐका. आणि मैत्रिणींनो, तुम्ही तर आधी ऐका!

धाराशिव जिल्ह्यातल्या एका लहानशा शहराचा मी विकास आराखडा. कुठं घरं बांधायची, कुठं दुकानं काढायची आणि कुठं काहीच बांधायचं नाही, हे माझ्या अंगावर रंगवलेलं आहे. घरं पिवळी, दुकानं निळी, मोकळी जागा हिरवी. बसस्थानकाच्या मागं एक हिरवा चौकोन आहे. त्यात बारीक अक्षरांत लिहिलंय, 'आरक्षण क्रमांक १७, खेळाचे मैदान'. तो माझा सगळ्यात लाडका!

मला काढायला दोन वर्षं लागली. मोजणीवाले उन्हातान्हात गल्लोगल्ली फिरले. मंजूर झालो त्या दिवशी कचेरीच्या भिंतीवर मला काचेत बसवलं, हार घातला. लोक यायचे, काचेवर बोट टेकवून म्हणायचे, "हे बघ, आपली गल्ली!" मला लई भारी वाटायचं. मग हळूहळू सगळ्यांना माझा विसर पडला. माझ्या मागं पाल राहायला आली. तेही मी चालवून घेतलं.

पण या वर्षी काय झालं माहितीये? पेपरच्या कोपऱ्यात एक बारीकशी नोटीस आली. सतरा नंबरचा हिरवा रंग काढून तिथं निळा भरायचा. म्हणजे मैदान रद्द, दुकानांची इमारत! 'नकाशा कचेरीत पाहण्यास ठेवला आहे, तीस दिवसांत हरकती द्याव्यात.' आणि त्याच दिवशी दोन गड्यांनी एक भलंमोठं लोखंडी कपाट ढकलत आणून बरोबर माझ्यासमोर उभं केलं. पाहण्यास ठेवलेला नकाशा म्हणे! कुणी पाहायचा, पालीनं?

त्या मैदानावर मुली खो-खो खेळतात. त्यांच्या शाळेला मैदान नाही, सायकली लावायलासुद्धा जागा पुरत नाही. सतरा नंबर गेला की त्यांचा खेळ संपला. कपाटामागच्या अंधारात मी नुसते दिवस मोजत होतो.

अठ्ठाविसाव्या दिवशी एक खणखणीत आवाज आला, "नकाशा बघायचाय."

त्या होत्या धाराशिवच्या पौर्णिमा वकील. जमिनीचा वापर कुणी परस्पर बदलत असेल तर ते प्रकरण लढणं हेच त्यांचं काम. सोबत खो-खो संघाची कप्तान, आठवीतली प्रतीक्षा.

"कपाटामागं हाय की मॅडम," धोंडप्पा कारकून म्हणाले.

"मग कपाट हलवा."

"त्याला सायबांची परवानगी लागती."

"साहेब कुठं आहेत?"

"रजेवर."

"कधीपर्यंत?"

"हे तीस दिवस संपोस्तर," धोंडप्पा बोलून गेले आणि त्यांनी पटकन जीभ चावली.

प्रतीक्षा फिसकन हसली. वकीलबाई मात्र भांडल्या नाहीत. त्यांनी कपाटाचा फोटो काढला. मग अर्ज लिहिला आणि त्यावर धोंडप्पांकडून लिहून घेतलं, 'कपाट असल्याने नकाशा दाखवता आला नाही.' खाली सही, तारीख, शिक्का. वा रे वा, वकीलबाई!

त्या अर्जावर वरच्या अधिकाऱ्यांपुढं सुनावणी झाली. तिथं मला नेऊन टेबलावर ठेवलं होतं, म्हणून सगळं मी स्वतः ऐकलं. दुकानांची इमारत बांधणाऱ्यांचे वकील म्हणाले, "साहेब, तीस दिवसांत एकच अर्ज आलाय आणि तोही कपाटाबद्दल! आणि मैदान आहे कुठं? नुसता माळ आहे तो." माळ? रोज शंभर पावलं उमटतात तिथं! माझी काच रागानं तडकायचीच बाकी होती.

पौर्णिमा वकील उठल्या. "जो नकाशा कुणाला दिसलाच नाही, त्यावर हरकत कोण घेणार? साहेब, हे तीस दिवस मोजताच येणार नाहीत."

अधिकाऱ्यांनी फोटो पाहिला, धोंडप्पांची सही पाहिली. हुकूम झाला. कपाट हटवा, तीस दिवस पुन्हा द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतीक्षा वकीलबाईंसोबत हरकत द्यायला आली. धोंडप्पा अर्ज भरून देत होते. "जागेशी संबंध काय लिवू पोरी? मालक? भाडेकरू? शेजारी?"

तिनं पेन घेतलं आणि स्वतःच लिहिलं, 'मी तिथं रोज पळते.'

"हे चालतंय का मॅडम?" धोंडप्पांनी विचारलं.

"यातला एक शब्दसुद्धा बदलायचा नाही," पौर्णिमा वकील म्हणाल्या.

हरकत क्रमांक एक. तिच्यामागं संघातल्या अकरा जणी रांगेत होत्या. झाल्या बारा.

मित्रांनो, त्याला आज एकोणीस दिवस झाले. वकीलबाई लढतील, पण त्या पुढं काय मांडणार? तुमच्याच हरकती ना! मैदान जातंय म्हणून चहाच्या टपरीवर हळहळणारी मोठी माणसं कुठं गेली? त्यांना हाताला धरून आणा. माझ्यासमोर उभं करा. कचेरी दहाला उघडते.

तेरावी हरकत अजून आलेली नाही.