जुनं चालेल, उरलेलं नाही

आपल्या घरातल्या आईचा फोन एकदा हातात घेऊन बघा. तो तिने स्वतः दुकानात जाऊन निवडला होता, की घरात कुणीतरी नवा घेतला म्हणून जुना तिच्याकडे आला? बहुतेक घरांत या प्रश्नावर आधी हसू येतं आणि मग खरं उत्तर आठवतं.

या गोष्टीतल्या बाईंचा फोन आधी नवऱ्याचा होता. सुरू केला की पडद्यावर अजूनही त्याचंच नाव यायचं. लॅपटॉप मुलाचा. त्याचा स्पेसबार अगदी उजव्या कडेला दाबला तरच लागायचा. खुर्चीचा एक हात तुटका होता. मुलाला नवी खुर्ची आली त्या दिवशी ती बाईंकडे आली.

बाई एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं सहायक होत्या. तिथे एखादा व्होल्टमीटर चुकीचा आकडा दाखवू लागला, की त्या त्याला लाल चिठ्ठी बांधून कपाटात ठेवत. घरी मात्र लाल चिठ्ठीच्या लायकीचं सगळं त्यांच्याच टेबलावर जमायचं.

सुट्टीच्या दुपारी त्या एक गेम खेळत. रॉकेट जोडायचं, इंधन मोजायचं, उडवायचं आणि चंद्रावर अलगद उतरवायचं. त्यांचं गणित चोख असे. पण उतरण्याच्या ऐन क्षणी लॅपटॉप दोन सेकंद गोठायचा, आणि पडदा हलायला लागेपर्यंत रॉकेटचे तुकडे झालेले असायचे. असे एकतीस अपघात त्यांनी वहीत टिपले होते. प्रत्येकापुढे लिहिलेलं होतं : ‘कारण – यंत्र.’

एका रविवारी जेवताना त्या म्हणाल्या, “परीक्षांच्या जादा कामाचे पैसे आलेत. मी कॉम्प्युटर जोडणार आहे. गेम खेळायला.”

एकवीस वर्षांच्या मुलाचा घास हातातच राहिला. कुठल्याही विषयावर भाषण द्यायची सवय असल्याने घरात त्याला प्रोफेसर म्हणत.

“आई! भारी! म्हणजे मला नवं ग्राफिक्स कार्ड? गेमचं चित्र लोण्यासारखं पळेल!”

“तुला नाही. मला.”

“अगं, ऐक तर. तुझ्या पैशांत माझ्यासाठी नवं कार्ड घेऊ. माझं जुनं तुला. लॅपटॉपपेक्षा दसपट बरं आहे ते. तुझंही काम झालं, माझंही.”

“बघ, दोघांचंही भागतंय,” नवरा म्हणाला. “आणि तुला काय, काहीही चालतं.”

“मला काहीही चालतं, हे कुणी ठरवलं?”

नवऱ्याने भाजीचं भांडं जवळ ओढलं.

समोर नवऱ्याची धाकटी बहीण, म्हणजे प्रोफेसरची आत्या, बसली होती. ती एका कारखान्यात क्रेन चालवायची, आणि यंत्रांच्या आवाजावर बोलायची सवय असल्याने घरातही मोठ्यानेच बोलायची. “दादा, आता जरा जपून बोल हं. वहिनींनी यादी करून आणली आहे. मघाशी बघितली मी, आलेखाच्या कागदावर!”

यादी खरंच आलेखाच्या कागदावर होती. मधल्या दर्जाचा प्रोसेसर. रॅमची एक मोठी पट्टी नाही, दोन लहान, कारण जोडीने त्या जास्त वेगाने काम करतात. चांगल्या कंपनीचा पॉवर सप्लाय. साधी पत्र्याची केस. नवा कीबोर्ड.

प्रोफेसरने यादी ओढून घेतली. “पत्र्याची केस? काचेची घे ना, आत रंगीत दिवे लागतात! पॉवर सप्लाय घे साधा. तो कुणाला दिसतो?”

“स्वस्तातला पॉवर सप्लाय जळतो तेव्हा एकटा जात नाही. शेजाऱ्यांना घेऊन जातो. कपाटभर पुरावे आहेत माझ्याकडे. दिवे नकोत. मला चंद्रावर उतरायचंय, मांडव घालायचा नाही.”

आत्याला ठसका लागला. तेवढ्यात प्रोफेसरला शेवटची ओळ दिसली, आणि त्याचा चेहरा खुलला. “ग्राफिक्स कार्ड – जुनं, वापरलेलं! आई, तू स्वतःच जुनं घेणार आहेस! मग माझं का नको?”

प्रश्न बिनतोड होता. बाईंनी यादीतली ती ओळ पुन्हा वाचली. नवऱ्याला हायसं वाटलं.

“बरोबर आहे तुझं,” त्या सावकाश म्हणाल्या. “तुझंही रांगेत ठेवू. घेऊन चल दुकानात. सगळ्यांची एकच परीक्षा.”

“परीक्षा कशाला? घरचंच आहे की.”

“घरचं आहे म्हणूनच.”

दुकान एका अरुंद गल्लीत, जिन्याखाली होतं. दुकानदार नवे-जुने दोन्ही भाग विकायचा. चौघांना बघून तो थेट प्रोफेसरकडे वळला. “बोला साहेब, कुठला गेम चालवायचाय?”

“साहेब फक्त पिशवी धरायला आलेत,” आत्या म्हणाली. “गिऱ्हाईक ह्या आहेत.”

बाईंनी यादी पुढे केली. “तुमच्याकडचं जुनं कार्ड दाखवा. आणि चाचणीच्या टेबलावर दोन कार्डं चालवायची आहेत. प्रत्येकी वीस मिनिटं, पूर्ण भार टाकून.”

“ताई, इतकं कुणी बघत नाही हो.”

“मी बघते.”

दुकानदाराने खांदे उडवले, पण लगेच एक कार्ड काढलं. “मग आधीच सांगतो. याचा एक पंखा मी बदललाय. मूळचा घरघरायचा. आणि तीन वर्षं वापरलेलं आहे.”

बाईंनी वहीत लिहिलं : पंखा बदललेला, तीन वर्षं. कार्ड चालू झालं. दर दोन मिनिटांनी त्या तापमान टिपत होत्या. आकडा बहात्तर अंशांवर गेला आणि तिथेच थांबला. वीस मिनिटांत पडद्यावरची एक रेघसुद्धा हलली नाही.

मग प्रोफेसरचं कार्ड लागलं. चार मिनिटांत ऐंशी. सातव्या मिनिटाला नव्वद. नवव्या मिनिटाला पडद्यावर हिरवे-जांभळे चौकोन उमटले, चित्र मधोमध फाटलं, आणि पंखा खवळल्यासारखा ओरडू लागला. दुकानदाराने पटकन बटण बंद केलं.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. “हे कधीपासून होतंय?”

प्रोफेसर पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिला.

“विचारलं मी.”

“दोन महिने.”

“तुला माहीत होतं?”

“हो.”

“आणि हे मला देणार होतास?”

“मला वाटलं...” त्याचा आवाज बारीक झाला. “मला वाटलं, तुला चालेल.”

काय शब्द होता तो! बावीस वर्षं बाईंनी तो ऐकला होता. हात तुटलेल्या खुर्चीसोबत, उजव्या कडेला लागणाऱ्या स्पेसबारसोबत तोच शब्द आला होता. आज पहिल्यांदा तो प्रोफेसरच्या कानावर त्याच्याच तोंडून पडला, आणि त्याचे कान लाल झाले.

नवरा मध्ये पडला. “अगं, त्याच्या मनात तसं काही...”

“दादा, थांब,” आत्या म्हणाली. या वेळी ती हळू बोलत होती. “क्रेनचा झिजलेला दोर आम्ही ‘तेवढ्यापुरता चालेल’ म्हणत दुसऱ्या क्रेनला लावत नाही. तिथेही कुणीतरी काम करतंच ना? जे आपल्याला नकोसं झालं ते आईला पुरेसं, हे तुम्ही कधी बसून ठरवलं नाहीत, कबूल. न ठरवता रोज करता, तेच जास्त वाईट आहे. आणि मीही तेच केलंय. माझा गळका मिक्सर कुणाकडे आहे?”

नवऱ्याला उत्तर माहीत होतं. तो मिक्सर बाईंच्याच ओट्यावर होता.

बाईंनी पर्समधून एक लाल चिठ्ठी काढली, दोरी ओवली आणि मुलाच्या कार्डाला बांधली. मग दुकानदाराचं कार्ड उचललं.

“तुझा जेवतानाचा प्रश्न बरोबर होता,” त्या मुलाला म्हणाल्या. “दोन्ही जुनीच आहेत. पण याचा दोष मला आधी सांगितला गेला, मी ते तपासलं आणि मी निवडलं. हे जुनं आहे. तुझं उरलेलं होतं. जुनं मला चालेल. उरलेलं चालणार नाही. यापुढे मला ‘काहीही’ चालत नाही!”

दुकानदाराने कार्ड पुसून खोक्यात ठेवलं. या वेळी तो बाईंशीच बोलला. “ताई, पॉवर सप्लाय कुठला काढू?”

कॉम्प्युटर घरी, जेवणाच्या टेबलावर जोडला गेला. प्रोफेसरने विचारलं, “मी मदत करू?” हा प्रश्नही त्या घरात नवाच होता. त्याला स्क्रू द्यायचं आणि पडद्याची केबल लावायचं काम मिळालं. बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळाच. प्रोफेसरला घाम फुटला. बाईंनी मागे वाकून बघितलं. केबल कार्डाऐवजी मदरबोर्डच्या खाचेत गेली होती.

“प्रोफेसर, हजेरी लागली, पण वर्ग चुकला,” त्या म्हणाल्या. तो मनापासून हसला आणि केबल बदलली.

पंधरवड्याने नवऱ्याने नवा फोन घेतला. जुना हातात धरून तो बाईंच्या टेबलाशी आला. “हा आता तुला...” तो अडखळला, आणि त्याने वाक्य बदललं. “हा तुला हवाय का, असं विचारतोय.”

“बॅटरी किती टिकते?”

“दुपारपर्यंत.”

“मग नको. पुढच्या महिन्यात माझा मी निवडेन.”

“बरं,” तो म्हणाला. “मी येऊ सोबत? पिशवी धरायला?”

वाचकहो, जुनी वस्तू वापरण्यात कमीपणा नाही. हात आखडता असताना तेच शहाणपणाचं असतं. पण घरातल्या एकाच माणसाकडे न विचारता सगळं झिजलेलं सरकवायचं आणि त्याला काटकसर म्हणायचं, हा अन्याय आहे. जिच्याकडे वस्तू सरकवतो तिला आधी विचारा. दोष सांगा. ‘नको’ म्हणायचा हक्क द्या. आणि कुणी तो देत नसेल तर, बायांनो, लाल चिठ्ठ्या बाजारात मिळतात!

बाईंनी बत्तिसावं रॉकेट उडवलं ते कॉम्प्युटर जोडला त्याच संध्याकाळी. नव्या कीबोर्डचा स्पेसबार त्यांनी मुद्दाम डाव्या कडेला दाबला. तो लागला. रॉकेट चंद्रावर टेकलं, थोडं डुललं आणि सरळ उभं राहिलं. बाईंनी वही उघडली आणि लिहिलं : ‘कारण – मी.’